रूटच्या दाराशी रांग कशासाठी?

परवा आमच्या संगणक विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक मुद्दा मांडला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. सर्व्हिस ही यंत्राची असते, यूजरची नसते, असं त्यांचं म्हणणं. यूजर लॉगिन करतो, काम करतो, निघून जातो. तो गेला की त्याच्या सगळ्या प्रोसेस संपल्या पाहिजेत. मागे काही चालू ठेवायचं असेल तर त्याने ॲडमिनकडे अर्ज करावा. नाहीतर नोहप आहे, टीमक्स आहे, क्रॉन आहे. ऑपरेटिंग सिस्टीमने प्रत्येक यूजरला स्वतःच्या सर्व्हिसेस बाळगायची सोय देणं म्हणजे नसते लाड, आणि वर सुरक्षेला पाडलेलं भोक.

या सहकाऱ्यांबद्दल मला आदर आहे. शेल स्क्रिप्ट नीट कशी लिहावी हे मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले. पण त्यांचं हे म्हणणं मला मुळातच पटत नाही, आणि त्याची किंमत बैठकीत न बसणारी माणसं मोजतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या सामायिक सर्व्हरवर मराठीची एक संशोधक विद्यार्थिनी काम करते. जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून ती एका फोल्डरमध्ये टाकते आणि टेसरॅक्ट हा मुक्त ओसीआर प्रोग्रॅम त्या चित्रांतून मराठी मजकूर काढतो. पानं शेकड्यांनी असतात. तिने दर मिनिटाला फोल्डर तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि नोहप लावून ती मागे सोडून दिली. तीन आठवडे सगळं ठीक चाललं. मग एका शनिवारी रात्री मी कर्नल अद्ययावत केलं आणि यंत्र रीबूट केलं. वेब सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप आपापले उभे राहिले. तिची स्क्रिप्ट उभी राहिली नाही, कारण यंत्राच्या दप्तरी तिची नोंदच नव्हती. ती रोज स्कॅनरवरून पानं पाठवत राहिली. शुक्रवारी मजकूर पाहायला गेली तेव्हा सहा दिवसांची पानं जशीच्या तशी पडून होती.

ती मला भेटायला आली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "मॅडम, माझं काही चुकलं का?" तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही तिला जे साधन वापरायला सांगितलं होतं तेच तिने वापरलं होतं.

बैठकीत मला कोणी म्हणेल की तिने आधीच अर्ज करायला हवा होता. अर्जाची वाटही मी जवळून पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला अशाच कामासाठी सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा, मर्यादित हक्क देऊन यंत्राच्या पातळीवर सर्व्हिस लिहू दिली होती. त्याने युनिट फाइल लिहिली, सर्व्हिस चालू केली, काम सुरू झालं. फक्त ही सर्व्हिस कोणाच्या नावाने चालवायची ती एक ओळ लिहायची राहिली. ती ओळ नसली की यंत्राच्या पातळीवरची सर्व्हिस रूट म्हणून चालते. चार महिन्यांनी तो जागा मोकळी करायला आला आणि त्याला स्वतःच्याच फोल्डरमधल्या फाइली बदलता येईनात. मी त्याच्या स्क्रीनवर यादी काढली. मालकाच्या रकान्यात त्याचं नाव असायला हवं होतं, तिथे ओळीमागून ओळ रूट, रूट, रूट. इंटरनेटवरून आलेला डेटा उघडून वाचणारी त्याची स्क्रिप्ट चार महिने अख्ख्या यंत्राची मालकीण म्हणून धावत होती. त्या डेटात कोणी काही पेरलं असतं तर शेजारच्या प्रत्येक यूजरचं काम त्याच्या हाती गेलं असतं.

इथेच घोडं पेंड खातं. ज्या सुरक्षेच्या नावाने यूजरला सर्व्हिस नाकारायची, तीच सुरक्षा या नकाराने ढिली पडते. कोणत्याही प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 साली शब्दांत मांडलं आणि तेव्हापासून सुरक्षेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ते शिकवलं जातं. यूजरच्या पातळीवरची सर्व्हिस हे तत्त्व न सांगता पाळते. ती त्या यूजरच्या नावानेच जन्मते. एखादी ओळ विसरली म्हणून रूट होत नाही. विद्यार्थ्याने चूक केली तर त्याचं स्वतःचं काम बिघडेल, यंत्र बिघडणार नाही. मग त्याला वरच्या मजल्यावर नेऊन तिथे चूक करायची संधी कशाला द्यायची?

"सर्व्हिस यंत्राची असते" हे वाक्य युनिक्सच्या परंपरेचं म्हणून ऐकवलं जातं. परंपरेत नेमकं काय घडलं ते पाहू. 1979 सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये क्रॉनटॅब एकच होता. तो यंत्राचा होता आणि त्यातली कामं रूट म्हणून चालत. कोणाला रोज रात्री काही चालवायचं असेल तर ॲडमिनला सांगून त्या एका फाइलीत ओळ घालून घ्यावी लागे. पुढे सिस्टीम फाइव्हने प्रत्येक यूजरला स्वतःचा क्रॉनटॅब दिला. पॉल विक्सी यांनी 1987 मध्ये लिहिलेल्या क्रॉनने तीच रीत सगळीकडे रुजवली. आणि ॲडमिनच्या हाती काय राहिलं? कोणाला क्रॉन वापरता येईल आणि कोणाला नाही, याच्या दोन याद्या. सोय सगळ्यांसाठी, लगाम ॲडमिनकडे. त्या बदलाने युनिक्स बुडालं नाही. आज माझे सहकारी ज्या क्रॉनची शिफारस करतात तो यूजरच्या हाती आला तो या एका बदलामुळे. यूजरची सर्व्हिस ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

आता त्यांनी सुचवलेली साधनं एकेक करून तपासते.

नोहप 1970 च्या दशकातला आहे. टेलिफोनची लाइन तुटली की टर्मिनलवरून सुरू केलेलं काम मरायचं, ते मरू नये एवढ्यासाठी तो होता, आणि तेवढं तो चोख करतो. प्रोसेस स्वतःहून पडली तर ती उचलणं, रीबूटनंतर उठवणं, तिची नोंद ठेवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. टीमक्स मी स्वतः दिवसभर वापरते. पण परत येऊन स्क्रीन पाहणाऱ्या माणसासाठी तो केला आहे. न पाहता चालत राहायच्या कामासाठी नव्हे. रीबूटमध्ये तोही जातो. क्रॉनमध्ये "यंत्र सुरू झालं की हे चालव" अशी एक सोय आहे आणि पुष्कळांना ती पुरेशी वाटते. ती काम एकदा ढकलते आणि विसरून जाते. दहा मिनिटांनी ते काम कोसळलं तर क्रॉनला पत्ता नसतो. त्याची कुरकुर स्थानिक मेलमध्ये जाऊन पडते आणि ती मेल आमच्याकडे कोणी उघडत नाही. यंत्र ठरल्या वेळी बंद असेल तर त्या वेळचं काम सरळ बुडतं. लिनक्सवरच्या सिस्टिमडी या सर्व्हिस मॅनेजरच्या टायमरला "चुकलेली वेळ भरून काढ" असं एका ओळीत सांगता येतं, आणि तो टायमर यूजरच्या पातळीवरही तसाच चालतो.

म्हणजे ही तिन्ही साधनं सर्व्हिसची कामं करतच नाहीत. पडलं तर उचलणं, क्रम सांभाळणं, लॉग ठेवणं, नाव देणं या चार गोष्टींसाठीच आपण यंत्राच्या सर्व्हिसेसना सर्व्हिस मॅनेजर देतो. डेटाबेस नोहप लावून चालवा असं कोणी सांगितलं तर हेच सहकारी त्याला खोलीबाहेर काढतील, आणि ते योग्यच होईल. विद्यार्थिनीच्या कामाला ती शिस्त नको, हे कशाच्या आधारावर ठरवलं?

सर्व्हर सोडून टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं की हा वाद आणखी पोकळ वाटतो. लिनक्सवर उच्चारानुसार, म्हणजे फोनेटिक पद्धतीने, मराठी टाइप करणाऱ्यांना आयबस ठाऊक असेल. इंग्रजी अक्षरं दाबली की देवनागरी उमटते ती आयबसचा डीमन मागे जागा असतो म्हणून. मी हा लेख त्याच्याच जिवावर लिहिते आहे. हा डीमन यंत्राचा नाही, माझा आहे. माझा लेआउट, माझे शब्द, माझं लॉगिन. पूर्वी तो लॉगिनच्या स्क्रिप्टमधून, ओळीच्या शेवटी एक अँपरसँड लावून सोडून दिला जायचा. वाक्याच्या मध्यात तो पडला की "महाराष्ट्र" लिहिता लिहिता रोमन अक्षरं उमटू लागत, आणि ज्यांना टर्मिनल माहीत नाही ते लोक लॉगआउट करून पुन्हा आत येत. आता ग्नोम डेस्कटॉपमध्ये तो यूजरच्या पातळीवरची सर्व्हिस म्हणून चालवता येतो आणि अवचित पडला तर मॅनेजर त्याला परत उभा करतो. आमच्या कार्यालयातल्या टायपिस्ट ताईंना यातलं एक अक्षर माहीत नाही. त्यांना एवढंच कळलं की मराठी मधेच जायची ती आता जात नाही.

आवाजाचंही तेच. पाइपवायर आणि त्याच्या जोडीचा वायरप्लंबर हे दोघं यूजरच्या नावाने चालतात. त्यांना क्रमाने उठवायचं असतं. एकाच यूजरने पडद्यासमोर बसून आणि दूरवरून एसएसएचने असं दोनदा लॉगिन केलं तरी जोडी एकच राहायला हवी, दोन नव्हे. लॉगिन स्क्रिप्टला हे कळत नाही, कारण तिला फक्त तिचं लॉगिन दिसतं. यूजरच्या सर्व्हिसेस सांभाळणारा यूजर मॅनेजर यूजरमागे एकच असतो, म्हणून त्याला कळतं. सप्टेंबर 2019 मध्ये आलेल्या ग्नोम 3.34 ने आपलं सेशन यूजर मॅनेजरच्या हाती सोपवायला सुरुवात केली. केडीईच्या प्लाझ्माने 2022 मध्ये, 5.25 या आवृत्तीपासून, तोच मार्ग मूळ सेटिंग म्हणून धरला. त्यांना हौस होती म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं स्वतःचा अर्धामुर्धा सर्व्हिस मॅनेजर प्रत्येक डेस्कटॉप लिहीत बसला होता, ते थांबवायचं होतं.

सुरक्षेचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. घुसखोर प्रोग्रॅम यूजरच्या सर्व्हिसेसमध्ये स्वतःची फाइल टाकून कायमचं बस्तान बसवतात, हे खरं आहे. मॅकओएसवर लाँच एजंटचा आणि लिनक्सवर सिस्टिमडी युनिटचा असा वापर झालेला आहे, आणि हल्ल्यांच्या पद्धतींचं जे वर्गीकरण मायटर ही संस्था ठेवते त्यात दोन्हींची नावं आहेत. पण म्हणून सोयच काढून टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यूजरच्या नावाने एकदा कोड चालवता आला की घुसखोराला बॅशआरसी मोकळी आहे, प्रोफाइल फाइल मोकळी आहे, क्रॉनटॅब मोकळा आहे, डेस्कटॉपचं ऑटोस्टार्ट फोल्डर मोकळं आहे. सर्व्हिस नाकारली तर यातलं एकही दार बंद होत नाही. दार बंद होतं ते कोड आत येण्यापूर्वी.

उलट, नोंद एका जागी असली तर पहारा ठेवता येतो. ॲपलने 2022 च्या मॅकओएस व्हेंच्युरापासून एक गोष्ट सुरू केली. एखाद्या प्रोग्रॅमने मागे चालणारं काही बसवलं की लगेच यूजरला सूचना दिसते, आणि सेटिंगमध्ये त्या सगळ्यांची यादी, प्रत्येकापुढे बंद करायचं बटण. हे शक्य झालं कारण 2005 च्या टायगरपासून तिथे लाँचडी हा सर्व्हिस मॅनेजर आहे आणि यूजरच्या एजंटांच्या जागा ठरलेल्या आहेत. वीस ठिकाणी विखुरलेल्या अँपरसँडांवर अशी सूचना कशी लावणार?

तीच गोष्ट माझ्या रोजच्या कामाची. सर्व्हर मंद झाला की मी प्रोसेसची यादी काढते. नोहपवाल्यांच्या ओळी अशा दिसतात: पायथन, पायथन, पायथन. कोणतं काम, चालू ठेवायचं की विसरलेलं, काही कळत नाही. मग फोन लावत बसायचं. यूजरच्या सर्व्हिस म्हणून चालणारी कामं झाडाच्या फांद्यांसारखी दिसतात. आधी यूजर, त्याखाली सर्व्हिसचं नाव, त्याखाली तिच्या प्रोसेस. प्रत्येक फांदीची मेमरी आणि सीपीयू वेगळे मोजले जातात. कोणी एकाने सगळी मेमरी खाऊ नये म्हणून प्रत्येक यूजरच्या अख्ख्या वाट्याला कमाल मर्यादा मी एका फाइलीत लिहून ठेवली आहे. ॲडमिनची पकड सुटेल अशी भीती बैठकीत बोलून दाखवली गेली. माझ्या हाताला तरी पकड घट्ट झाल्याचाच अनुभव आहे.

2016 सालची गोष्ट या वादात हमखास निघते, तर तिच्याबद्दलही बोलते. त्या वर्षी मे महिन्यात सिस्टिमडीच्या 230 व्या आवृत्तीने एक मूळ सेटिंग बदललं: यूजरने लॉगआउट केलं की त्याच्या मागे उरलेल्या प्रोसेस मारायच्या. टीमक्स आणि स्क्रीन वापरणारे भडकले. वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत मोडली होती, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. डेबियनसारख्या वितरणांनी आपल्याकडे ते सेटिंग पुन्हा जुन्यासारखं करून टाकलं. माझे सहकारी यातून असं काढतात की यूजर मॅनेजर म्हणजे लोकांची कामं मारणारी यंत्रणा. पण लॉगआउटनंतर सगळं मरावं हे तर त्यांचंच म्हणणं आहे! बदल करणाऱ्यांनी आपली वर्तणूक लादली ती चूक. त्यांनी विचारलेला प्रश्न चूक नव्हता. मागे राहिलेली प्रोसेस ठेवून दिलेली आहे की विसरलेली, हे यंत्राने ओळखायचं कसं? लॅबमध्ये विद्यार्थी टाकून गेलेल्या, तासन्‌तास सीपीयू जाळणाऱ्या प्रोसेस ज्यांनी साफ केल्या आहेत त्यांना या प्रश्नाचं महत्त्व सांगायला नको. उत्तर एकच असू शकतं: यूजरने ते आधी सांगून ठेवावं. ते सांगायची जागा म्हणजे सर्व्हिस, आणि लॉगिन नसतानाही ती चालू राहावी याची परवानगी म्हणजे लिंगर.

राहिला तो "हे सगळं सिस्टिमडीचं खूळ" हा शेरा. सिस्टिमडी 2010 चा आहे. ॲपलचं लाँचडी त्याच्या पाच वर्षं आधीचं. सिस्टिमडी न वापरणारी मंडळी काय करत आहेत ते बघा. किमेरा लिनक्स डीइनिट वापरतं आणि यूजरच्या सर्व्हिसेससाठी त्यांनी टर्नस्टाइल नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. व्हॉइड लिनक्सच्या दस्तऐवजात रनिटवर प्रत्येक यूजरच्या सर्व्हिसेस कशा चालवायच्या ते दिलेलं आहे. जेंटूने ओपनआरसीवर पाइपवायर उठवायला एक खास लाँचर स्क्रिप्ट बाळगली होती, आणि त्या एका स्क्रिप्टचं असणंच उणीव काय होती ते सांगतं. शेवटी 2025 मध्ये, 0.60 या आवृत्तीत, ओपनआरसीनेच यूजरच्या सर्व्हिसेसची सोय आणली. साधेपणासाठी ओळखले जाणारे, पीआयडी 1, म्हणजे यंत्राची पहिली प्रोसेस, फुगू नये म्हणून भांडणारे हे लोक. त्यांनाही ही गरज नाकारता आली नाही. आणि एक तांत्रिक मुद्दा इथेच सांगायला हवा. यूजर मॅनेजर पीआयडी 1 नसतोच. तो यूजरच्याच हक्काने चालणारी एक साधी प्रोसेस असतो. तो कोसळला तर त्या यूजरचं सेशन कोसळेल, यंत्र चालूच राहील.

सहकाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. लॉगिन नसताना काम चालू ठेवण्याचा हक्क सामायिक यंत्रावर मागेल त्याला देऊ नये. त्या यंत्रावर दुसऱ्यांचाही वाटा असतो, आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची सर्व्हिस वर्षभर चालत राहणं कोणाच्याच हिताचं नाही. आमच्याकडे लिंगरची परवानगी ॲडमिनच देतात. ज्याला दिली त्याच्या नावाची एक रिकामी फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये तयार होते. फोल्डर उघडलं की यादी समोर. आज त्यात अकरा नावं आहेत. दर सहामाहीला मी ती वाचते आणि प्रत्येकाला विचारते, अजून लागतं का? क्रॉनच्या त्या दोन याद्यांचंच हे आजचं रूप.

त्या अकरांत मासिकांची पानं स्कॅन करणारी विद्यार्थिनीही आहे. तिच्या दोन फाइली मिळून पंधरा ओळींच्या आहेत. एक फोल्डरवर नजर ठेवते, दुसरी पान आलं की टेसरॅक्ट चालवते. लिहायला आम्हा दोघींना अर्धा तास लागला, आणि त्यातला बराच वेळ पानांची नावं कशी द्यावीत यात गेला. त्यानंतर मी यंत्र दोनदा रीबूट केलं आहे. तिला मला विचारावं लागलेलं नाही.

पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव असा असेल. नव्या सर्व्हरवर यूजर मॅनेजर बंद ठेवण्याची सूचना मागे घ्यावी. लिंगर मागण्यासाठी एक पानी अर्ज असावा आणि त्यावर दोन दिवसांत निर्णय व्हावा. कामासाठी सुडो देण्याची पद्धत पूर्ण बंद करावी. आमच्याकडे चार जणांची होम डिरेक्टरी एन्क्रिप्ट केलेली आहे. यंत्र उठतं तेव्हा ती कुलूपबंद असते, म्हणून त्यांची युनिट फाइल वाचताच येत नाही आणि लिंगर देऊनही भागत नाही. त्या चौघांच्या सर्व्हिसेस मी यंत्राच्या पातळीवर लिहीन, प्रत्येकीत ज्याच्या त्याच्या नावाची ती एक ओळ घालून. त्या चार फाइली बैठकीआधी सगळ्यांना पाठवते आहे.